बॉयलर बसला त्या वर्षीची गाणी

आमच्या लाँड्रीतल्या कुणालाही विचारा, तो छातीठोकपणे सांगेल की रेडिओवाले गाणी हळू वाजवतात. सगळी नाहीत हं. बॉयलर बसला त्या वर्षीची, आम्हाला तोंडपाठ असलेली. हॉटेलात लागली, टॅक्सीत लागली, की आमच्यातलं कुणीतरी तोंड वाकडं करणारच. "बघा, कशी मरगळ आणलीय गाण्याला! नव्या लोकांनी वाट लावली." मी स्वतः एका टॅक्सीवाल्याशी यावरून भांडले आहे. म्हटलं, तुझा रेडिओ आधी दुरुस्त करून घे, मग भाडं माग. त्या बिचाऱ्याने रेडिओच बंद करून टाकला.

मला लाँड्रीत लवंगी म्हणायचे. का म्हणायचे ते एव्हाना कळलं असेलच.

हॉस्पिटलांच्या नि हॉटेलांच्या चादरी धुण्याची आमची लाँड्री. मी घडीच्या टेबलावर, माझी थोरली बहीण इस्त्रीच्या रोलरवर. एरवी तिथे यंत्रांचा असा धडधडाट, की शेजारणीशी बोलायचं तर आधी तिचा खांदा हलवावा लागे. अपवाद फक्त ताईचा. ताईने या टोकाला हाक मारली की त्या टोकाचा ट्रॉलीवाला दचकायचा. मुकादम म्हणायचे, भोंगा बिघडला तरी चालेल, ही रजेवर जाता कामा नये.

त्या वर्षी जुना बॉयलर बसला, पार कामातून गेला. नवा आज येतो, उद्या येतो, करता करता वर्ष सरत आलं. वाफ नाही म्हणजे मोठी यंत्रं बंद. चादरी मात्र यायच्या थांबेनात, कारण बॉयलर बसला म्हणून माणसं आजारी पडायची थोडीच थांबतात! मग आम्ही हौदात हाताने धुवायचो, दोघी दोघी मिळून पिळायचो, झटकायचो. सोड्याने बोटांची सालं निघाली. इतकं कष्टाचं वर्ष दुसरं आलं नाही, आणि खरं सांगते, इतकं मजेचंही नाही. कारण यंत्रं बंद म्हणजे शांतता. आणि शांतता म्हटल्यावर मुकादमांनी ऑफिसातला टेपरेकॉर्डर बाहेर आणला.

टेप जळलेला होता. तो दुरुस्त केला आमच्या वायरमननी. तेव्हा ते नुसते वायरमन होते, आता माझे नवरे आहेत, पण मी अजून वायरमनच म्हणते. कुठलीशी मोटर कुठेतरी बसवली, बटण दाबलं आणि टेप वाजायला लागला. अख्खी लाँड्री टाळ्या वाजवत होती आणि हे कोपऱ्यात उभे राहून स्क्रूड्रायव्हर पुसत होते. तेव्हाच मी म्हटलं, माणूस बरा आहे.

कॅसेट एकच. मुकादमांच्या पुतण्याने बोटीवरून आणलेली, त्या वर्षीच्या पॉप आणि रॉक गाण्यांची. वर कागद नव्हता, नावं कुणालाच माहीत नव्हती, म्हणून आम्हीच ठेवली. शिट्टीवालं. मोटारसायकलवालं, कारण सुरुवातीला गिटार तशी घुरघुरायची. रुसकं, ज्यात तो गडी शेवटपर्यंत कुणाला तरी समजावत असतो. आणि सगळ्यांचं लाडकं खिडकीवालं. त्यात एक बाई खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या कुणाला तरी हाका मारते. गाणी अशी पळायची की हात आपोआप पळायचे. रुसकं लागलं की मी आणि माझी जोडीदारीण चादरींचा ढीग उपसून मोकळ्या. मुकादम खूश. एक बाजू संपली की स्वतः येऊन कॅसेट उलटायचे.

त्यातूनच आमचा बँड झाला. बँड म्हणजे काय डोंबल! मी साबणाच्या पिंपांवर काड्या बडवायचे, पुढे खरे ड्रम आले. वायरमनची गिटार, ती त्यांनी टेपशी सूर जुळवून लावलेली. आणि ताईचा गळा. खिडकीवाल्यात एक जागा आहे, जिथे ती बाई शेवटची हाक मारते नि सूर चढतच जातो. पहिल्या दिवशी ताईचा आवाज तिथे फाटला. वायरमन म्हणाले, "पट्टी जरा उतरवू या का? खालून सुरू करू, सोपं जाईल."

ताईने त्यांच्याकडे असं पाहिलं, की ती नको म्हणत असतानाही त्यांनी तिला चहा आणून दिला.

"ती गाते ना? मग मी का नाही? गाणं असेल तसं गायचं. उतरवून गायचं तर मग कशाला गायचं?"

पुढचे कित्येक दिवस ती हौदाशी उभी राहून ती एक हाक घोटत होती. आणि लागली. ज्या दिवशी लागली त्या दिवशी पिळायला घेतलेल्या चादरी हौदात तशाच राहिल्या, सगळे तिच्याकडे बघत होते. मला रडू आलं होतं, उगाच कशाला लपवू. नंतर कितीतरी वर्षं, कुणाचं लग्न असो, कुणाचा निरोप असो, ताईची ती हाक व्हायचीच. पट्टी कधी उतरली नाही.

मागच्या वर्षी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, साधी होती, जीव वाचला, सगळं छान. पण आवाज गेला. म्हणजे पूर्ण नाही गेला, खाली गेला. जाड झाला, घोगरा झाला, मधेच चरकन ओरखडा उमटतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोलत राहा, गुणगुणत राहा, वापराल तर सुधारेल. वापरला नाहीत तर गळा आळशी होईल आणि आहे तोही राहणार नाही. झालं! ताईने ऐकलं, मान हलवली आणि तोंड मिटलं ते मिटलंच. जिच्या हाकेने ट्रॉलीवाला दचकायचा, ती आता हाताने खुणा करायची. फारच अडलं तर कुजबुज. मी जाऊन बडबड बडबड बडबडायचे, ती चहाचा कप पुढे सरकवायची. घरी परत येताना मी रस्त्यात स्वतःशीच भांडायचे.

अशात मुकादमांचा निरोप आला. ते आता ऐंशीच्या घरात आहेत, काठी टेकतात, पण हुकूम सोडायची खोड गेलेली नाही. लाँड्री नव्या इमारतीत जाणार, यंत्रं हलवायच्या आधी जुन्या माणसांनी जुन्या हॉलमध्ये एकदा जमायचं, आणि त्या वर्षीचं खिडकीवालं झालंच पाहिजे.

मी ताईला सांगितलं. तिने मान हलवली, नाही.

"पट्टी उतरवू की. वायरमन गिटार खाली लावतील. कोण बघतंय?"

"मी," ती कुजबुजली. "असेल तसं गायचं. नाहीतर नाही."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसली गत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, नसेल गायचं तर बस घरी, तुझी मुलगी गाईल.

भाची नाच शिकवते, बऱ्यापैकी गातेही. आमच्याकडे आली, फोनवर गाणं ऐकून पाठ करून. आम्ही सुरू केलं आणि दुसऱ्या ओळीतच घोडं अडलं. ती मागे, आम्ही पुढे. पुन्हा केलं, पुन्हा तेच. वर तिला सूरही सापडेना.

"मावशी, तुम्ही दोघं पळताय कुठे? कुत्रं मागे लागल्यासारखं?"

"आम्ही मूळ गाण्यासारखं वाजवतोय. तुझा फोन हळू आहे."

"फोन हळू कसा असेल?"

"आजकाल सगळेच हळू वाजवतात. आम्हाला नको शिकवू."

ती हसायला लागली. मग मात्र मी चिडले. वायरमनना म्हटलं, काढा हो तो टेप, होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष. टेप आमच्याकडेच आहे. नवा बॉयलर आल्यावर मुकादमांनी तो आम्हाला देऊन टाकला होता, आणि वायरमन त्याला अजून लेकरासारखं जपतात. त्यांनी कॅसेट घातली, भाचीने त्याच क्षणी फोन लावला. पहिली ओळ संपायच्या आत टेपवाली बाई निघून गेली होती पुढे, फोनवाली अजून खिडकी उघडत होती. शिवाय दोघींचा आवाज वेगळा. टेपवालीचा चिरका, वर चढलेला. फोनवालीचा चांगला खालचा, भरलेला.

"काका," भाची म्हणाली, "हा टेप जोरात फिरतोय."

"अशक्य," वायरमन म्हणाले. "मोटर मी बसवलीय."

"म्हणूनच म्हणते."

त्यांनी टेप पालथा केला, स्क्रू काढले, चष्मा कपाळावर चढवला, आत डोकावले. मोटर टेपरेकॉर्डरची नव्हतीच. ऑफिसात एक बंद पडलेलं दुसरंच यंत्र होतं, त्यातली यांनी काढून इथे चढवली होती. फिरते ना, मग झालं!

"गती थोडी जास्त असेल," ते अखेर म्हणाले. "पण मोटर बघ, अजून कशी ठणठणीत आहे."

पडलो तरी नाक वर! एका माणसाच्या मोटरीपायी अख्खी लाँड्री इतकी वर्षं जगाला नावं ठेवत होती. मी त्या टॅक्सीवाल्याला काय काय बोलले होते! मी तोंड उघडलं, चांगली हजेरी घेणार होते, आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"अहो, थांबा," मी म्हटलं. "टेप जोरात, म्हणजे सूर पण वर ना? किती वर?"

त्यांनी गिटार घेतली, फोनवरच्या बाईबरोबर एकेक तार उतरवत गेले. "चांगल्या दोन पट्ट्या," ते म्हणाले, आणि मग तेही माझ्याकडे बघायला लागले.

आम्ही तिघंही तशीच निघालो. मी तर पायात एक माझी आणि एक यांची चप्पल घालून.

ताई स्वयंपाकघरात कपडे वाळत घालायची दोरी बांधत होती. मी सगळं एका दमात सांगितलं. तिला पहिल्यांदा पटलंच नाही. भाचीने फोन टेबलावर ठेवला आणि खिडकीवालं लावलं. इतकी वर्षं ते असं लागलं की ताई उठून बंद करायची, मरगळलेलं म्हणून. आज पहिल्यांदा बसून ऐकलं. डोळे मिटून, दोरीचं टोक हातात तसंच. शेवटची हाक आली आणि ताईच्या गळ्यातून कसलासा घरघरता सूर निघाला. अगदी बारीक. पण तो बरोबर तिथे जाऊन बसला, त्या बाईच्या शेजारी.

तिने डोळे उघडले.

"म्हणजे," ती म्हणाली, आणि कुजबुजली नाही, त्या जाड आवाजातच म्हणाली, "मी हौदाशी उभी राहून घसा फोडला, तो या माणसाच्या मोटरीशी बरोबरी करायला?"

वायरमन दाराच्या आड सरकले.

आणि ताई हसली. कसलं हसली! ओरखडे उठत होते, मधेच ठसका लागत होता, पण थांबेना. भाची तिच्याकडे बघत उभी राहिली. आईचं हसू तिने वर्षभरात ऐकलं नव्हतं.

"त्या बाईपेक्षा दोन पट्ट्या वर गात होतीस तू," मी म्हटलं. "तिला स्वतःला जमलं नसतं. आता तरी बरोबरीने गा तिच्या. गाणं असेल तसं गायचं, तूच म्हणतेस ना? मग हे आहे असं."

हसू थांबलं. तिने गळ्यावरच्या खुणेवर बोट फिरवलं.

"सूर लागेल गं. पण आवाज? हा असला फाटका? लोक माझी हाक ऐकायला येणार."

"लोक गेले उडत!" मी ओरडले. "मला हवाय. फाटका तर फाटका. तू गप्प बसलीस की मला घरात कुणी गेल्यासारखं वाटतं. कळतंय का तुला? मी रोज येते नि भिंतीशी बोलून जाते."

असं काही बोलायचं मी ठरवलं नव्हतं. भाचीने माझा हात धरला. ताई दोरीची गाठ आवळत म्हणाली, "बघू." ताईचं बघू म्हणजे काय हे तिचं तिलाच माहीत. लहानपणी जत्रेला नेशील का विचारलं तरी बघूच म्हणायची, आणि कधी नेलं, कधी नाही नेलं.

आम्ही तयारी खालच्या पट्टीत केली. भाची गात होती. ताई आली नाही.

त्या दिवशी हॉलमध्ये यंत्रं हलवण्यासाठी पट्टे बांधून उभी होती. रोलरवर कुणीतरी चादर टाकून त्यावर चहाचे कप मांडले होते. घडीवाल्या, ट्रॉलीवाले, हौदावरच्या बायका, सगळ्यांचे केस पांढरे, आणि बोलणं मात्र ओरडून, यंत्रं चालू असल्यासारखं. जुनी खोड. मी ड्रमशी बसले होते. भाची माइक हातात घेऊन दाराकडे बघत होती, मीही बघत होते. मुकादमांनी काठी आपटली, करा सुरू म्हणून. भाचीने तोंड उघडलं आणि मग सरळ माइक खाली केला. ताई आत येत होती. साडी नीटनेटकी, गळा उघडा, खूण झाकलेली नाही. तिने लेकीच्या हातून माइक घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "दे."

मी ठेका दिला. वायरमनच्या कपाळावर घाम.

पहिली ओळ अर्धी लागली, अर्धी हवेत गेली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग कुणीतरी तिला आधार द्यावा म्हणून टाळ्या धरल्या, आणि सगळ्यांनीच धरल्या. चांगल्या मनाने, पण जुन्या गतीने! हौदावरची गती, मोटरीची गती. टाळ्या पुढे पळत होत्या आणि गाणं फरपटत होतं. माझे हात त्यांच्याकडे ओढ घेत होते. मी दात आवळून ठेका धरून ठेवला, पण ऐकतंय कोण? मागून कुणीतरी म्हणालंच, "बँड म्हातारा झाला रे!" ताईचा सूर हलला. दुसरी ओळ घसरली. आणि ती गायची थांबली.

संपलं, मला वाटलं. आता ही माइक ठेवणार, खाली उतरणार, आणि यापुढे कुजबुजसुद्धा करणार नाही. मीच आणलं हिला इथे, मीच ओढलं.

ताईने माइक तोंडाजवळ धरला.

"अहो मुकादम!" ती म्हणाली. घोगरा, जाड आवाज हॉलच्या त्या टोकाला जाऊन आदळला आणि ट्रॉलीवाला दचकला, शप्पथ सांगते, दचकला. "टाळ्या आवरा त्या! वाफ आलेली नाही अजून, घाई कसली?"

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग हशा पिकला.

"हसता काय? इतकी वर्षं आपण चुकीचं गात होतो. ऐका आता." आणि तिने सांगायला सुरुवात केली. टेप, मोटर, फोन, सगळं. वायरमनना पुढे ओढून उभं केलं. "हेच ते. यांच्यापायी तुम्ही दुप्पट चादरी पिळल्यात, आणि मुकादमांनी यांना बक्षीस म्हणून घड्याळ दिलं होतं, आठवतंय?" लोक पोट धरून हसत होते. मुकादम काठी वर करून म्हणाले, "घड्याळही पुढेच जायचं का हो?" वायरमननी हात जोडले. मधेमधे ताईचा आवाज तुटत होता, ती खाकरायची, पाणी प्यायची आणि पुढे बोलायची. मी काड्या मांडीवर ठेवून ऐकत होते, आणि माझ्या लक्षात आलं की ही केव्हाची बोलतेय. एकसारखी. भाचीच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती हसतही होती.

"आता नीट ऐका. गाणं असं आहे," ताई म्हणाली. "कुणीही मदत करायची नाही."

या वेळी टाळी वाजली नाही. सावकाश गेलं गाणं. खिडकीतली ती बाई काय म्हणतेय ते आम्हा कुणाला कधी नीट कळलंच नव्हतं, इतके आम्ही पळत होतो. ती रागावून हाक मारते असं आम्ही समजायचो. ती रागावलेली नाहीच. ती म्हणते, परत ये, उशीर झाला तरी चालेल, दिवा चालू ठेवते. ताईचा आवाज तिथे दोनदा फाटला आणि फाटला तसाच तिने पुढे नेला. शेवटच्या हाकेला मला ड्रम दिसेनात, डोळे भरले होते, अंदाजाने वाजवत राहिले. हाक लागली. जुन्यासारखी नाही. पण अशी लागली की समोरच्या बायकांनी आपापल्या पदराची टोकं तोंडाशी नेली.

गाणं संपलं, टाळ्या झाल्या. आता ताई खाली उतरेल म्हणून भाचीने हात पुढे केला. आमचं ठरलेलं एकच गाणं होतं. ताईने तिकडे पाहिलंही नाही.

"पुढचं कुठलं?" तिने विचारलं. "रुसकं घ्या."

वायरमन गडबडले. गिटारवर वाकून हळूच म्हणाले, "अहो ताई, रुसकं या पट्टीत बसवलंच नाही अजून. मला थोडा वेळ लागेल."

"मग बसवा की," ताई म्हणाली आणि लोकांकडे वळली. "तोवर मी बोलते."